शोकेसमधलं अपेंडिक्स

आमच्या बाईंना लग्नाचं आमंत्रण द्यायला लोक घाबरायचे. पत्रिका देत, पण नाही आल्या तर बरं, असं मनात म्हणत असणार. आणि बाई यायच्याच. अक्षता पडल्या, पंगत बसली, की शेजारच्या अनोळखी बाईला आधी गाव विचारायच्या, मग पोरंबाळं, आणि वरणभातावर तूप पडेपर्यंत थेट मुद्द्यावर. "तुमच्या घरी कोणाचं अपेंडिक्स काढलं का वं?" त्या बाईचा घास हातातल्या हातात. "काढलं न, माझ्या दिराचं." "मग कुठं आहे थे?" आता याला ती बिचारी काय उत्तर देणार? ती नवऱ्याकडे बघायची, नवरा पानाकडे बघायचा, आणि बाई शांतपणे जिलबी मागून घ्यायच्या.

लोक हसायचे. अजूनही हसतात. मागे एका समारंभात एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाईंची नक्कल करून दाखवली, तो चष्मा, ती चाल, ते "कुठं आहे थे?" सगळा हॉल खो खो हसला आणि माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी हातातला चहा तसाच ठेवून निघून आले. हसा म्हणावं. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या हातांनी काढलेला तुकडा बादलीत फेकला होता, तेही एकदा सांगा म्हणावं.

मी डॉक्टर नाही. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका सरकारी इस्पितळात पॅथॉलॉजी विभागात टायपिस्ट होते, आणि बाई त्या विभागाच्या प्रमुख. विभागाचं काम सांगायला सोपं आहे. ऑपरेशनमध्ये शरीरातून जो तुकडा निघेल तो मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, की हे नुसतं सुजलंय की आणखी काही आहे. बाई सांगायच्या आणि मी टाइप करायचे.

बाई मूळच्या पारशिवनीच्या. एवढं शिकल्या, पण बोली सोडली नाही. मोठमोठ्या प्रोफेसरांसमोर "मले नाही पटत" म्हणायच्या आणि ते प्रोफेसर एकमेकांकडे बघून ओठ दाबायचे. लग्न केलं नव्हतं. महाल भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, तिथून सायकलवर यायच्या. चष्मा जाड दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. अंगाला कायम फॉर्मलिनचा वास, तुकडे टिकवायचं ते डोळ्यांत पाणी आणणारं औषध असतं ना, त्याचा. मे महिन्यात आमच्या खोलीत माणूस टिकायचा नाही, आणि बाई तिथे बसून दशमी खायच्या.

टेबलावर आलेल्या तुकड्याशी त्या बोलायच्या. "या, बसा. कोणाच्या घरून आले? बाप्पा, किती सुजले तुम्ही!" सगळ्यांना अहोजाहो. माणसांना मात्र नाही. सर्जन लोकांना तर तोंडावर भैताड, म्हणजे बावळट, म्हणायच्या. कारण एकच. त्यांचं म्हणणं होतं की जे जे शरीरातून निघालं, ते ते त्यांच्या दारात आलंच पाहिजे. स्तनातली गाठ पाठवायचे, मानेतली गाठ पाठवायचे, पण अपेंडिक्स कोणी पाठवायचं नाही. अपेंडिक्सात काय बघायचं? दुखलं, सुजलं, काढलं, संपलं. "अन् गाठीनंच सुजलं असलं तर?" बाई विचारायच्या. "क्वचित असते, पण असते न. पोट तसंच दुखते, उलट्या तशाच, ताप तसाच. वरून सारखंच दिसते. डोळ्यानं पाहून देवाले तरी समजते का?"

सर्जन मंडळींना याचाच राग. आम्हाला डोळे नाहीत का, म्हणायचे.

एका संक्रांतीला बाईंनी काय करावं? तेव्हा शहरातल्या बऱ्याच सर्जनांची राहती घरं वर आणि दवाखाने खाली असायचे, आणि खालचं सगळं सामानसुमान वरच्या बायकोच्या हातात. बाईंनी हे बरोबर हेरलं. झाकणाच्या काचेच्या बरण्या आणल्या, रिक्शात घातल्या आणि घरोघरी हळदीकुंकवाला गेल्या. कुंवार बाई, बोलावलेलं नसताना हळदीकुंकवाला! बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाईंनी प्रत्येकीला तिळगूळ दिला आणि बरणीचं वाण लुटलं. "मालकाले सांगा, अपेंडिक्स यात टाका अन् माझ्याकडे धाडा." पुढच्या उन्हाळ्यात एका घरी त्यांना जेवायला बोलावलं, तर त्याच बरणीतलं लिंबाचं लोणचं पानात वाढलं. बाईंनी लोणचं खाल्लं, चांगलं झालं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर टेबलावर अशी मूठ आपटली की टाइपरायटरची घंटी वाजली.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण बाईंना वेडं म्हणायचा पहिला मान माझ्याच घरच्यांचा आहे.

माझा मोठा भाऊ खापरखेड्याला वीजकेंद्रात होता, तिथेच कॉलनीत राहायचा. त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, पोटात एकदा भयंकर कळ उठली. उजव्या बाजूला हात लावू देईना. भावानं तिला जीपमध्ये घातलं आणि नागपूरला एका नामांकित सर्जनकडे आणलं. मला कळलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. सरकारी इस्पितळात बायकोला न्यायला भावाला कमीपणा वाटला, आणि बहीण तिथेच नोकरीला आहे हेही तो सोयीस्कर विसरला.

त्या सर्जनसाहेबांची एक पद्धत होती. ऑपरेशन झालं की ते हिरव्या गाउनमध्येच बाहेर यायचे, हातात ट्रे, ट्रेमध्ये काढलेलं अपेंडिक्स. नातेवाइकांना जवळ बोलावून दाखवायचे. "एवढंसंच होतं, पण जीव घेतला असता." म्हातारे पाया पडायचे. मग कंपाउंडर ते स्पिरिटच्या बाटलीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून, घरी न्यायला द्यायचा. ऑपरेशन खरंच झालं याचा पुरावा, आणि साहेबांची घरोघरी जाहिरात. सगळ्या शहरात या गोष्टीचं कौतुक होतं. किती मोकळा माणूस, लपवाछपवी नाही, म्हणायचे. आणि असं करून एकेक अपेंडिक्स बाईंच्या हातातून सुटत होतं!

वहिनी बरी होऊन घरी गेली तसा भावानं सत्यनारायण घातला. मी बाईंना सहज म्हटलं, चलता का. म्हटलं, सुटीचा दिवस आहे, जरा हवापालट. बाई एसटीनं आल्या, प्रसाद घेतला, बायकांशी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, कशी करायची यावर बोलत बसल्या. सगळं छान चाललं होतं.

आणि भावानं शोकेस उघडली. त्याची शोकेस म्हणजे कॉलनीत प्रसिद्ध. वर रेडिओ, खाली लग्नाचा फोटो, प्लास्टिकची फुलं, मातीचे पोपट, आणि मधोमध ती बाटली. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचा. स्पिरिट कमी झालं तर वरून घालायचा. "पाहा बाप्पा, एवढ्याशा वस्तूनं आमची लक्ष्मी चालली होती." बायका माय वं माय वं करत बघत होत्या. बाटली हातोहात फिरत बाईंकडे आली.

बाई उठून खिडकीशी गेल्या. दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला. बाटली उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. प्रसादाचा द्रोण त्यांच्या दुसऱ्या हातात तसाच. मी त्यांच्याकडे बघत होते. बाई त्या तुकड्याशी बोलत नव्हत्या. एरवी पहिल्या नजरेला "या, बसा" म्हणणारी ही बाई.

"हे मी नेते," त्या म्हणाल्या.

भाऊ हसला. "कुठं नेता?"

"तपासायले. बुडाशी पाहा, जिथून कापलं तिथं. हळकुंड मोडल्यावर दिसते तसं पिवळं आहे. सूज अशी नसते."

"डॉक्टरसाहेबांनी सोताच्या हातानं दिलं मले! पोट साफ केलं म्हणाले. ते येवढे मोठे सर्जन, अन् तुम्ही काय सांगून राहिल्या?" भावाचा आवाज चढला. "आमच्या घरची वस्तू आहे ते. ठेवा तिथं."

बाईंनी बाटली पदरात गुंडाळली, पिशवीत घातली आणि चालू लागल्या. भाऊ पूजेच्या पितांबरातच मागे धावला. बसस्टॉपपर्यंत कॉलनीची पोट्टी मागं, भाऊ ओरडतोय, बाई मागं वळून बघत नाहीत, आणि मी मधल्यामध्ये मेल्याहून मेली. तेवढ्यात वहिनी दारातून ओरडली. बारीक आवाजाची बाई, पण तेव्हा तिचा आवाज स्टॉपपर्यंत आला.

"न्या बाई तुम्ही! माझ्या पोटातलं आहे थे. मी म्हणते, न्या!"

बाईंचं खरं ठरलं. कार्सिनॉइड नावाची गाठ होती. बाई त्याला कॅन्सरची चुलत बहीण म्हणायच्या, हळू चालते पण चालते. अपेंडिक्सच्या अगदी बुडाशी होती. तिनंच तोंड दाबून धरलं, म्हणून पुढे सूज आली, म्हणून पोट दुखलं आणि सगळ्यांना साधं अपेंडिक्स वाटलं. इथपर्यंत मी सर्जनसाहेबांना दोष देत नाही, पोट उघडण्याआधी ते कोणालाच कळलं नसतं. पण कापलं ते नेमकं गाठीतून कापलं होतं. म्हणजे उरलेली गाठ अजून वहिनीच्या पोटात होती. पुन्हा ऑपरेशन करून आतड्याचा तेवढा भाग काढला तर वहिनी वाचणार होती, आणि शोकेसपुढे हात जोडून बसलो तर नाही. एवढी साधी गोष्ट.

बाई स्वतः सर्जनसाहेबांकडे गेल्या, मी सोबत होते. त्यांनी आम्हाला पेशंटांच्या बाकावर बसवून ठेवलं. एका विभागप्रमुखाला! आत बोलावलं तेव्हा बसा म्हटलं नाही. बाईंनी त्या तुकड्याचा काप बसवलेली काचपट्टी पुढे ठेवली, ती त्यांनी हातात घेतली नाही.

"बाई, अशी गाठ सर्जनला अख्ख्या आयुष्यात एखाद्या वेळी दिसते. ती तुम्हाला नेमकी शोकेसमध्ये सापडली?" आणि हसले. "स्पिरिटमध्ये राहून पिवळं पडलं असेल. लोकांना घाबरवू नका. जरा विश्रांती घ्या."

बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पाहा तर खरं एकदा." त्यांनी बघितलं नाही. वर माझ्या भावाला निरोप धाडला, की त्या बाईंचं डोकं फिरलंय, लक्ष देऊ नका.

आणि माझा भाऊ, माझ्या आईच्या पोटचा, त्याला तेच पटलं. मी त्याच्याशी किती भांडले! "तू बहीण माझी, अन् तिची बाजू घेऊन राहिली?" म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्या बायकोची बाजू घेते आहे रे भैताडा. त्यानं मला घरी येऊ नको म्हटलं. आज इतकी वर्षं झाली, तो चांगला आहे, माझं सगळं करतो, पण त्याचा तो चेहरा आठवला की अजून माझा हात शिवशिवतो.

बाई मात्र थांबल्या नाहीत. सुटी आली की खापरखेड्याची बस. भाऊ घरी असला तर दार लागायचं, मग त्या समोरच्या कडुनिंबाखाली बसून राहायच्या. तो ड्यूटीवर असला की वहिनी त्यांना आत घ्यायची. दोघी भाजी निवडत बसायच्या. वहिनीनंच मला नंतर सांगितलं. बाईंनी तिला एकदाही घाबरवलं नाही, एकदाही गोड बोलून फसवलं नाही. आत काय आहे, काढलं नाही तर काय होईल, काढताना काय होऊ शकतं, सगळं तिच्या भाषेत सांगितलं. आणि मग विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे वं?"

"ताई," वहिनी मला म्हणाली, "पोट माझं, दुखणं माझं, बाटली शोकेसमंधी. पन मले असं कोनीच नाही इचारलं. या बाईनं पहिल्यांदा इचारलं."

वहिनीनं ठरवलं. तरी इस्पितळात कागदावर सही नवऱ्याची लागत होती. तिनं पेन भावाच्या हातात दिलं आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "पोट माझं अन् सही तुमची. करा." भावानं केली. आमच्याच इस्पितळातल्या सर्जननं ऑपरेशन केलं. आतड्यात गाठीचा उरलेला भाग निघाला, जवळच्या एका ग्रंथीतही शिरला होता. अजून काही महिने गेले असते तर, असं म्हणून बाईंनी वाक्य सोडून दिलं. वहिनी वाचली.

इथे गोष्ट संपली असती तर मला एवढा संताप आला नसता.

पुढल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांची सभा होती. वहिनी त्या दिवशी तपासणीला आली होती. बाई म्हणाल्या, चल, तुझ्याबद्दलच बोलणार आहेत. आम्ही तिघी मागच्या रांगेत बसलो. मंचावर सर्जनसाहेब. विषय काय, तर अपेंडिक्समधली दुर्मीळ गाठ, साध्या अपेंडिक्ससारखी दिसणारी! इंग्रजीत बोलत होते, मी वहिनीच्या कानात सांगत होते. पेशंट अशी अशी, खापरखेड्याहून आलेली. पोट उघडलं. आणि पुढचं वाक्य ऐकून माझी जीभच अडकली. "मला बुडाशी शंका आली, म्हणून मी तो तुकडा ताबडतोब तपासणीला पाठवला."

ताबडतोब! टाळ्या पडल्या. वहिनीनं माझा हात हलवला, काय म्हणाले? मी सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला. ती उठायला लागली. मीही म्हटलं, ऊठ, ऊठ वहिनी, सांग सगळ्यांना. बाईंनी तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"साहेबांनी फार चांगलं केलं," बाई आपल्या बोलीत म्हणाल्या. पुढच्या रांगा वळल्या, काही जण आधीच हसत होते. "शंका आली अन् पाठवलं. पण साहेबांची नजर सगळ्यायजवळ नसते. माझ्याजवळ तर नाहीच. म्हणून माझी विनंती आहे, आजपासून शहरात निघालेलं प्रत्येक अपेंडिक्स माझ्याकडे यावं. चांगलं दिसो का वाईट दिसो. साहेबच पाठवतात, मग बाकीच्यायले काय अडचण आहे? साहेबांनी पहिलं हो म्हणावं."

सर्जनसाहेब मंचावर उभे. आता नाही कसं म्हणणार? अख्ख्या सभेसमोर मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून खरंच बाटल्या यायला लागल्या, त्यांच्याकडून सगळ्यांत आधी. माझ्या टाइपरायटरला फुरसत राहिली नाही. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही दिसत नव्हतं. बाहेर येताच मी बाईंवर तुटून पडले. खोटं बोलला तो धडधडीत! तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवलं! आणि तुम्ही त्याला शाबासकी दिली?

"ती उभी राहिली असती तर तो पडला असता," बाई म्हणाल्या. "अन् पडलेला माणूस मले काय पाठवते? मले नाव नाही पाहिजे वं. मले अपेंडिक्स पाहिजे."

"अन् मले?"

वहिनी बोलली. आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो.

"तुमाले अपेंडिक्स भेटलं, त्यायले टाळ्या भेटल्या. मले काय भेटलं? माझं पोट दोनदा फाडलं. मले बंगला नव्हता पाहिजे. त्या मानसानं एकदा 'चुकलं' म्हनावं, बस. येवढंही कोनाच्यानं म्हनवत नाही का?"

बाईंनी हातातली सायकल स्टँडवर लावली, वहिनीसमोर आल्या आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलं वं माय."

या सगळ्यात जिचं काहीच चुकलं नव्हतं, ती हात जोडून उभी होती. वहिनीनं तिचे हात धरले आणि तिथेच रस्त्यावर ढसाढसा रडायला लागली. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी मागे वळून बघितलं, तर आत सर्जनसाहेबांना हार घालून फोटो काढणं चाललं होतं.